फुसका बार आणि फुटलेली नळी

पाली (जि. बीड) : बीड शहराकडून मांजरसुंब्याकडे जाणारा धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग बालाघाटाच्या चढणीला लागण्यापूर्वी पाली हे गाव लागते. बीड शहराची तहान भागविणारा बिंदुसरा प्रकल्प याच परिसरात आहे. एका बाजूला महामार्गावरची अहोरात्र वर्दळ, दुसऱ्या बाजूला रानडुकरे आणि हरणांच्या कळपांपासून राखावी लागणारी शेते आणि घाटमाथ्यावर गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या, असा हा टापू आहे. शेतीची राखण, रोकड आणि मालमत्तेचे संरक्षण आणि प्रतिष्ठेचे प्रदर्शन या तिन्ही कारणांनी बीड जिल्ह्यात बंदूक बाळगली जाते. पालीसारख्या गावातून पाहिले, तर ही तिन्ही कारणे एकाच नजरेच्या टप्प्यात येतात.

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा प्रश्न राज्याच्या चर्चेत आला. ती हत्या बंदुकीने झालेली नव्हती. तथापि जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने आहेत, ही माहिती त्या निमित्ताने पुढे आली. त्याच वर्षी जूनमध्ये परळी येथे गोळीबारात एका सरपंचाचा मृत्यू झाला होता. हवेत बार काढतानाच्या चित्रफितीही पाठोपाठ समाजमाध्यमांवर फिरल्या. प्रशासनाने परवान्यांची छाननी हाती घेतली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द केले. परवाना कोणाला दिला, कोणाच्या शिफारशीने दिला, गुन्हे दाखल असताना तो कसा टिकला, हे प्रश्न योग्यच होते.

मात्र या साऱ्या चर्चेचा रोख कागदावर राहिला. ज्या लोखंडी नळीसाठी हा कागद दिला जातो, त्या नळीची अवस्था काय आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. बंदुकीचा धोका समोरच्याला असतो, असे आपण गृहीत धरतो. वर्षानुवर्षे न उघडलेली, न पुसलेली बंदूक ज्याच्या हातात आहे त्याच्याही जिवावर बेतू शकते. त्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे नळीत अडकलेला अडथळा.

नळीच्या आत काय घडते?

बंदुकीची नळी म्हणजे दाब सहन करणारे एक लांबट भांडे आहे. चाप ओढला की काडतुसाच्या बुडाची टोपी पेटते, तिच्या ठिणगीने दारू पेटते आणि क्षणार्धात तिचा वायू होतो. बारा बोअरच्या बंदुकीत हा दाब सातशे ते आठशे वातावरणांच्या घरात जातो. पण तो असतो सुरुवातीच्या काही सेंटिमीटरमध्येच. छर्रे पुढे सरकतात तशी वायूला जागा मिळते आणि दाब झपाट्याने उतरतो. नळी घडविणारा कारागीर नेमका हाच हिशेब धरून ती घडवितो. काडतूस बसते तेथे धातूची भिंत जाड असते, पुढे ती पातळ होत जाते आणि काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उरते. बंदूक खांद्याला हलकी लागावी, यासाठी हे आवश्यकच असते.

आता या वाटेत मध्येच मातीचा गोळा, चिंधी किंवा आधीच्या बाराची अडकलेली गोळी आहे, अशी कल्पना करावी. साधारण बत्तीस ग्रॅम छर्रे सेकंदाला सुमारे चारशे मीटर वेगाने नळीबाहेर पडतात. त्यांच्यात तेव्हा अडीच हजार ज्यूल ऊर्जा असते. पंचवीस किलोचे पोते तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडावे, एवढी ही ऊर्जा. अडथळ्याशी हा वेग एकाएकी खुंटतो. छर्ऱ्यांच्या पाठोपाठ तितक्याच वेगाने येणारा वायूही तेथे तुंबतो. त्याच्या गतीचे रूपांतर दाबात होते आणि तो दाब नळीच्या भिंतीवर एका अरुंद कड्यासारखा आदळतो. जाड बुडासाठी ठरविलेला दाब आता पातळ भागावर येतो. भिंत टिकली तर नळीभोवती बांगडीसारखा फुगवटा उठतो. टिकली नाही तर ती चिरते आणि कधी केळीच्या सालीसारखी उकलते.

अडथळा जड असेल तरच नळी फुटते, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि बंदूकतज्ज्ञ मेजर सर जेराल्ड बरार्ड यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी शॉटगनवरील आपल्या तीन खंडांच्या ग्रंथात अशा फुगवट्यांची कारणमीमांसा केली होती. अडथळ्याच्या वजनाइतकेच त्याचे स्थानही महत्त्वाचे असते. तो बुडापासून जितका दूर, तितका त्याच्यावर येऊन आदळणाऱ्या छर्ऱ्यांचा वेग अधिक आणि तेथील भिंत तितकीच पातळ. त्यामुळे नळीच्या तोंडाशी लागलेला ओल्या काळ्या मातीचा लहानसा गोळाही घातक ठरू शकतो. खांद्यावरून उतरविताना बंदुकीचे तोंड ढेकळात टेकणे, ओढ्याच्या काठी घसरून ती चिखलात पडणे, या गोष्टी रानात फिरणाऱ्याला नव्या नाहीत. मराठवाड्याची चिकट काळी माती नळीच्या तोंडात एकदा बसली आणि वाळली, की ती झटकून निघत नाही.

अडथळे येतात कुठून?

बीडसारख्या जिल्ह्यात या अडथळ्यांची कारणे घरगुती आहेत. पहिले कारण म्हणजे न वापरलेली बंदूक. खुंटीला टांगलेल्या किंवा कपाटामागे उभ्या केलेल्या बंदुकीची नळी ही कुंभारीण माशीला घर बांधण्यासाठी आयती मिळालेली जागा. दाराच्या बिजागरीत, खिडकीच्या चौकटीत, विजेच्या बटणाच्या छिद्रात जशी ती मातीची घरटी करते, तशीच ती नळीतही करते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. सप्टेंबर २०२५मधील अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक गावांमध्ये घरांत पाणी आणि गाळ शिरला. धान्य, कपडे, कागदपत्रे वाळविली गेली. घरात शस्त्र असेल तर त्याच्या नळीतला गाळही तेवढ्याच काळजीने काढायला हवा होता, ही गोष्ट सहज विसरली जाण्यासारखी आहे.

दुसरे कारण उलट आहे. ते काळजीतूनच येते. गंज लागू नये म्हणून नळीत भरपूर तेल किंवा घट्ट ग्रीस घालून बंदूक ठेवली जाते. कोणी चिंधीचा बोळा तोंडात कोंबून ठेवतो. ठेवताना हे योग्य वाटते. काढताना मात्र आठवत नाही. साचलेले तेल दाबले जात नाही, ते वाटेतून पुरते हटतही नाही. विसरलेला बोळा तर सरळच अडथळा. गजाने नळी पुसताना तुटलेला कुंच्याचा तुकडा किंवा गजाचे टोक आत राहणे, हाही याच जातीचा प्रमाद आहे.

तिसरे कारण काडतुसांच्या सरमिसळीचे. बारा बोअर आणि वीस बोअर या दोन्ही मापांच्या बंदुका प्रचलित आहेत. बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. कारण बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले असता त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती नळी. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत घातले, तर ते पुढे घसरते आणि नळी जेथे अरुंद होते तेथे त्याच्या बुडाची कडा अडकते. मागे जागा रिकामी दिसते. काडतूस घातलेच नाही, असे वाटून माणूस त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरतो. चाप ओढताच पुढचे जिवंत काडतूसही पेटते आणि नळी नेमकी तेथे फुटते, जेथे नेम धरणाऱ्याचा डावा हात असतो. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत जगभर रूढ झाली, ती याच अपघाताच्या अनुभवातून. खिशात दोन्ही मापांची काडतुसे एकत्र न ठेवणे, हा त्यावरचा याहूनही साधा उपाय.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. मराठीत ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण थट्टेने वापरतो. निवडणुकीतल्या पोकळ घोषणेला तो लावतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र फुसका बार हीच खरी धोक्याची घंटा आहे. जुनी, ओल लागलेली किंवा सदोष काडतुसे कधी पुरती पेटत नाहीत. नेहमीच्या धडाक्याऐवजी ‘फट्ट’ असा मंद आवाज येतो, धक्का जाणवत नाही. अशा वेळी गोळी किंवा छर्ऱ्यांमागची दट्टी नळीतच राहिलेली असू शकते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये हे विशेष घडते. कारण तेथे मुळात दारू थोडी असते आणि गोळी नळीच्या आट्यांत घट्ट बसलेली असते. घाबरलेला किंवा ईर्षेला पेटलेला माणूस लगेच दुसऱ्यांदा चाप ओढतो. पहिला बार फुसका होता, दुसरा फुसका नसतो. तो अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळतो.

ठासणीची बंदूक आणि शेतकरी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमात पिकांच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला रात्रीच्या राखणीसाठी असे शस्त्र लागू शकते, हे कायदेकर्त्यांनी ओळखले होते. परवाना पीकसंरक्षणाचा असला, तरी वन्यप्राण्यांची शिकार करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. काळविटासारखा प्राणी तर वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्णपणे संरक्षित आहे. त्यामुळे बहुतेक बार हे प्राणी पळविण्यासाठी, आवाजापुरते काढले जातात.

ठासणीच्या बंदुकीत अडथळा बाहेरून यावा लागत नाही. तो भरणाऱ्याच्या हातूनच तयार होतो. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी आणि पुन्हा बोळा, हे सारे गजाने ठासून बुडापर्यंत न्यावे लागते. घाईत गोळी अर्ध्यावर राहिली, तर दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहते. मग ती गोळी हाच अडथळा ठरतो. टोपी उडाली पण बार झाला नाही, अंधारात ते लक्षात आले नाही आणि त्यावर पुन्हा दारू-गोळी ठासली, तर नळीत दुहेरी भरणा होतो. हा केवळ अडाण्याचा प्रमाद नव्हे. अमेरिकी यादवी युद्धातील १८६३च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. तत्कालीन नोंदींनुसार त्यांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या आणि जवळपास १२ हजारांमध्ये दोन भरणे सापडले. कवायत शिकलेल्या सैनिकांचे गोंधळात हे होत असेल, तर मध्यरात्री ज्वारीच्या फडात एकट्याने उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे काय, याचा विचार व्हायला हवा. गजावर खूण करून ठेवणे आणि बार भरण्यापूर्वी गज आत घालून नळी रिकामी आहे का ते पाहणे, ही जुन्या शिकाऱ्यांची रीत होती. ती पिढी गेली, तसा तो शहाणपणाही मागे पडला.

तोफांपासूनचा धडा

नळी फुटण्याचा इतिहास बंदुकीइतकाच जुना आहे. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात आपल्याच तोफेच्या स्फोटात मरण पावला. दख्खनेत तोफा ओतण्याची मोठी परंपरा होती. विजापूरच्या तटावरील प्रसिद्ध मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये ओतली गेली ती अहमदनगरला, म्हणजे बीडच्या शेजारी. ओतकामातला दोष आणि नळीतला अडथळा यांचे भय त्या काळच्या गोलंदाजांनाही होते. म्हणूनच युरोपात विक्रीपूर्वी प्रत्येक नळीची जादा दारूने चाचणी घेऊन तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत पडली. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे आहे. पण चाचणीचा शिक्का नळी घडल्या दिवशीच्या बळाची ग्वाही देतो. तीस वर्षांनंतर तिच्यात काय साचले आहे, याची ग्वाही तो देऊ शकत नाही.

आधुनिक सैन्यदलेही या संकटातून मुक्त नाहीत. सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरण येथे चाचण्या सुरू असताना एम-७७७ या अमेरिकी बनावटीच्या हलक्या तोफेची नळी निकामी झाली. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी झाशीजवळच्या बबिना येथे टी-९० रणगाड्याच्या तोफेची नळी फुटून लष्कराच्या दोघांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकजवळच्या देवळाली येथे सराव करताना तोफगोळ्याच्या स्फोटात दोन अग्निवीरांना प्राण गमवावे लागले. या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी नळीतला अडथळाच होता, असे म्हणता येणार नाही. त्यांच्यातून दिसते ते एवढेच, की नळी, दारूगोळा आणि त्यांची स्थिती यांपैकी एकही कडी कच्ची राहिली तर प्रशिक्षित माणसालाही क्षमा नसते. लष्करात प्रत्येक तोफेच्या नळीची स्वतंत्र नोंद ठेवली जाते, किती गोळे झाडले याचा हिशेब असतो आणि नळी आतून तपासल्याविना मारा सुरू होत नाही. खासगी परवानाधारकाच्या बंदुकीसाठी अशी कोणतीही वही नाही.

ठाण्यात जमा, ठाण्यातून परत

परवानाधारकांची शस्त्रे निवडणुकीच्या काळात जमा करून घेतली जातात. कोणाची शस्त्रे जमा करावीत, हे छाननी समिती ठरविते. २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात लोकसभेसाठी १३ मे रोजी आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबर रोजी मतदान झाले. म्हणजे एकाच वर्षात दोनदा आचारसंहिता लागली. त्यातली पहिली उन्हाळ्यात संपली, दुसरी पावसाळा संपता संपता सुरू झाली. जमा करताना शस्त्राचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या नोंदविली जाते. परत देतानाही हेच पाहिले जाते. ते आवश्यकही आहे. पण जमा झालेली बंदूक आतून कोरडी होती का आणि परत देताना नळी मोकळी होती का, याची नोंद करण्याचा रकाना तेथेही जोडता येईल. ठाण्याच्या खोलीत कित्येक आठवडे उभी राहिलेली बंदूक मालकाच्या हाती जाते, तेव्हा ती पुन्हा पहिल्यासारखीच आहे असे दोघेही समजून चालतात.

हाच प्रश्न सुरक्षारक्षकांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. बँकेच्या दारात, रोकड नेणाऱ्या गाडीत किंवा एखाद्या प्रकल्पाच्या फाटकावर बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला रक्षक हे आपल्या शहरांतले नेहमीचे दृश्य. पुष्कळ रक्षक हे निवृत्त सैनिक असतात आणि त्यांना शस्त्राची जाण असते. पण तुटपुंज्या वेतनात काडतुसाची किंमत परवडत नाही, सरावाची सोय नसते आणि बंदूक वर्षानुवर्षे केवळ दिसण्यापुरती खांद्यावर राहते. दरोडेखोर समोर आला तर पहिला बार कोणावर उलटेल, हे अशा वेळी सांगता येत नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या ग्राहकाचाही हा प्रश्न आहे.

गावठी कट्ट्याचे गणित

परवान्याच्या बंदुकीची ही अवस्था, तर बिनपरवाना शस्त्रांविषयी बोलायलाच नको. गावठी कट्ट्याची नळी ही अनेकदा दाब सहन करण्यासाठी घडविलेली नसतेच. मिळेल तो पाइप कापून, भोक पाडून ती तयार होते. तिच्या आतल्या पृष्ठभागावरचे खडबडीत उंचवटे, वाकडेपणा आणि काडतुसाशी न जुळणारे माप हेच जन्मजात अडथळे असतात. पोलाद कोणते, त्याला उष्णतेची प्रक्रिया झाली आहे का, याचा पत्ता नसतो. अशा शस्त्राची चाचणी त्याच्या खरेदीदाराच्याच हातात होते. दहशतीसाठी कट्टा कमरेला लावणाऱ्या कोवळ्या मुलांना कायद्याची भीती वाटत नसेल, तर निदान आपल्या बोटांची वाटावी. तो कट्टा त्यांना शत्रूपासून वाचविण्याआधी त्यांचा हात घेऊन जाऊ शकतो.

अपघात झाल्यावर न्यायवैद्यक तपासणीत फुटलेली नळी बरेच काही सांगते. काडतूस बसते तो भाग फाटला असेल, तर जादा दारू किंवा सदोष काडतुसाकडे संशय जातो. बुड शाबूत राहून नळी मध्येच किंवा तोंडाशी फुगली असेल, चिरलेल्या कडांलगत बांगडीसारखी खूण असेल, तर अडथळा होता हे बहुधा निश्चित मानले जाते. ‘बंदूकच खराब निघाली’ हा बचाव अशा वेळी टिकत नाही. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे (कलम १०६) आणि इतरांचे जीवित धोक्यात आणणे (कलम १२५) हे गुन्हे आहेत. नळी न तपासता बार काढणे हा निष्काळजीपणा आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयासमोर येऊ शकतो.

कायदा आहे, सवय नाही

कायद्याने या बाबतीत डोळेझाक केली आहे, असे मात्र नाही. शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षिततेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण करणे अपेक्षित आहे. सुरक्षित हाताळणी, शस्त्राची निगा, साठवण आणि वाहतूक हे विषय त्यात येतात. पण त्यापूर्वी परवाना घेतलेल्यांना तो याच अटीवर मिळाला होता, असे नाही आणि वारसाहक्काने वडिलांची बंदूक मुलाकडे आली की वडिलांचे ज्ञानही आले, असे होत नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. लग्नसमारंभात, मिरवणुकीत किंवा सार्वजनिक कार्यक्रमात आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्याच दुरुस्तीने केली.

यातला मुदतवाढीचा निर्णय परवानाधारकाच्या सोयीचा आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की शस्त्र अधिकाऱ्यासमोर येण्याचा ठरलेला प्रसंग आता तीनऐवजी पाच वर्षांनी येतो. आणि हवेतल्या गोळीबाराचा विचार केला, तर तो नळीच्या दृष्टीनेही सर्वांत वाईट प्रसंग आहे. एरवी कधीच न वापरलेली बंदूक, कपाटातली जुनी काडतुसे, वाद्यांच्या गोंगाटात फुसका आवाजही ऐकू न येण्याची शक्यता आणि भोवती मुलाबाळांची गर्दी, हे सारे तेथे एकत्र येते. फटाक्याच्या आवाजात पहिला बार फुसका गेल्याचे कळलेच नाही, तर दुसऱ्या बाराला थांबविणारे तेथे कोणीही नसते.

उपाय दोन मिनिटांचा

या प्रश्नाचे वैशिष्ट्य असे, की त्यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. बंदूक वापरण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री करावी, मोडून उघडावी आणि बुडाकडून उजेडाच्या दिशेने नळीतून पाहावे. स्वच्छ, गोल आणि अखंड उजेड दिसला पाहिजे. मोडता न येणाऱ्या बंदुकीत, शस्त्र रिकामे केल्यावर, गज घालून पाहावा. साठवणीचे तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावे. फुसका बार झाल्यास चाप सोडून तोंड सुरक्षित दिशेला धरावे आणि निदान अर्धा मिनिट थांबावे. कारण उशिरा पेट घेणारे काडतूसही असते. मग शस्त्र रिकामे करून नळी तपासावी. अडकलेली गोळी दुसरा बार मारून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. फुगवटा आलेली नळी ठोकून सरळ करून वापरू नये. ती निकामी समजून परवानाधारक दुरुस्ती व्यावसायिकाकडे द्यावी. अनेक वर्षांची काडतुसे जपून ठेवण्यात काटकसर नाही.

प्रशासनाने करण्यासारख्या गोष्टीही मोठ्या खर्चाच्या नाहीत. पोलीस मुख्यालयात शस्त्रांची देखभाल करणारे प्रशिक्षित कर्मचारी असतात. परवाना नूतनीकरणाच्या वेळी किंवा निवडणुकीनंतर शस्त्रे परत देताना तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाचे तपासणी शिबिर घेता येईल. क्रमांकाच्या रकान्याशेजारी ‘नळी मोकळी व निर्दोष’ एवढा एक रकाना वाढविता येईल. गंजलेली, फुगलेली किंवा फुटण्याच्या बेतात असलेली शस्त्रे त्याच वेळी बाजूला काढता येतील. बीड जिल्ह्यात परवान्यांची छाननी झालीच आहे. जे परवाने कायम राहिले, त्यांच्या शस्त्रांची छाननी हे तिचे पुढचे पाऊल ठरू शकते. महाराष्ट्रात दारूगोळा बनविण्याचे कसब शतकाहून जुने आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा आहे, जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही असा कारखाना आहे आणि हे दोन्ही २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या छत्राखाली आले. ज्या राज्यात काडतूस बनते, त्या राज्यात ते ज्या नळीत जाते तिची किमान तपासणी होऊ नये, याला अज्ञान हे कारण पुरेसे नाही.

शस्त्र कमी व्हावीत, ती योग्य हातात असावीत, हा आग्रह रास्तच आहे. तो धरतानाच, जी शस्त्रे कायद्याने लोकांच्या घरात आहेत त्यांच्यामुळे घरधन्याचा हात जाऊ नये, शेजाऱ्याचा डोळा जाऊ नये, एवढी काळजी घेणे हेही शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. बिंदुसरेच्या काठचा शेतकरी पेरणीपूर्वी पाभरीच्या नळ्या तुंबल्या नाहीत ना, हे झुकून पाहतो. कारण एक नळी तुंबली तर एक तास रिकामा जातो, हे त्याला ठाऊक असते. खुंटीवरच्या बंदुकीची नळी त्याच नजरेने पाहिली गेली, तर एक जीव वाचू शकतो.